कापसाला टेकून

माझ्या लग्नात माहेरच्यांनी एकच गोष्ट लपवली, आणि ती नेमकी लपणारी नव्हती. मला फेफरं येत होतं. लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात मी सासरच्या ओसरीवर सगळ्यांसमोर पडले. सासूबाईंनी मला माहेरी धाडलं नाही, पण पुढे वर्षभर त्या माझ्याशी बोलल्या ते कामापुरतंच. झटका आला की कोणीतरी धावत येऊन नाकाशी कांदा धरायचं. आयुष्यात मी जितके कांदे हुंगले तितके खाल्ले नसतील. त्यानं झटका कधी थांबला नाही, डोळे मात्र चुरचुरायचे.

आमचं खेडं मोताळ्याजवळ. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मालक शाळेत मास्तर होते आणि घरची थोडी कपाशी होती. मुलगी झाली तेव्हा सासूबाईंनी तिला उचललं आणि मला तोंडावर सांगितलं, "दूध पाजायपुरती पोरगी तुही. बाकी लेकराले हात नोको लावू." त्यांची लेक, म्हणजे माझी नणंद, वडनेर भोलजीला दिलेली. तिला मूलबाळ नव्हतं. लेकरू तिनंच वाढवावं, असं घरात बोललं जाऊ लागलं. मला कोणी विचारलं नाही. राग तर असा यायचा की काही विचारू नका. पण ज्या हातांवर माझाच भरवसा नव्हता, त्यांच्या जोरावर मी भांडणार कशी?

मालक एरवी गरीब स्वभावाचे. या वेळी मात्र त्यांनी हट्ट धरला आणि मला व आपल्या आईला एसटीत बसवून बुलढाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बोलले ते सासूबाईंकडे बघून. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. उपास नाही, जागरण नाही. लेकरू घेऊन चुलीजवळ जायचं नाही, एकटीनं त्याला न्हाऊ घालायचं नाही. पाजणं, कपडे बदलणं, सगळं जमिनीवर बसून. "आई आहे ती. एवढं पाळलं तर तिलाच वाढवू द्या," ते म्हणाले. परतताना एसटीत सासूबाई म्हणाल्या, "पाहू. संक्रांतीपर्यंत पाहू. मांडीवर लेकरू असताना काई झालं, तं मंग लेकरू वडनेरच्या बाईले द्याचं."

सासूबाई म्हणजे अर्धवट काम करणारी बाई नव्हे. त्यांनी डॉक्टरांचं ऐकलं, आणि त्यात स्वतःची भर घातली. वेचणीचे दिवस होते. आतली खोली छातीइतक्या कापसानं भरली होती. मला तिथं नेऊन त्या म्हणाल्या, "इथं बसून पाजत जाय. पडली तरी लागन नाही, ना तुले ना लेकराले." मलाही ते पटलं. महिनाभर मी कापसाला टेकून मोठ्या थाटात लेकीला पाजलं.

एका दुपारी जिभेवर लोखंडाची चव आली. झटका येण्याची माझी ती जुनी खूण. मी हाक मारली असेन, आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा सासूबाई लेकीला पालथी धरून तिच्या पाठीवर थापा मारत होत्या आणि बोटानं तिच्या तोंडातला कापूस काढत होत्या. मी पडले तशी ती माझ्या हातातून सुटून तोंडावर कापसात गेली होती आणि वरून ढीग ढासळला होता. मग ती रडली. इतका गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

वडनेरला निरोप गेला. तिसऱ्या दिवशी नणंद आली. येताना तिनं नवं दुपटं आणलं होतं आणि माझ्याकडे बघायचं ती टाळत होती. ती काही वाईट नव्हती. मी कोणाशी भांडले नाही. लेकीची झबली मीच घड्या करून पिशवीत भरली. माझ्याजवळ मरण्यापेक्षा दुसरीकडे जगेल, असं मला वाटलं. असं वाटलं म्हणून मी स्वतःवर जितकी चिडले, तितकी कोणावरच कधी चिडले नाही.

नणंदेनं पिशवी उचलली तशा सासूबाई म्हणाल्या, "ठेव ते."

"काऊन वो माय? तूच तं निरोप धाडला."

"धाडला. डाक्तरनं जमिनीवर बसवा म्हनलं होतं. कापसात म्या बसवलं. जमिनीवर असती तं लेकरू सतरंजीवर घसरलं असतं, रडलं असतं, बस. इचं काय चुकलं? चूक माही हाय."

नणंद रडली. मीही रडले. सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी ओसरीच्या सारवलेल्या जमिनीवर सतरंजी टाकली, मला भिंतीला टेकवून बसवलं, लेक माझ्या मांडीवर दिली आणि गुडघ्याला गुडघा लावून शेजारी बसल्या. "पाज आता. मी हाय इथं."

लेकीचं अंगावरचं दूध सुटेपर्यंत त्या दर वेळी तशाच बसल्या. वेचणीला गेल्या नाहीत, मोताळ्याच्या बाजाराला गेल्या नाहीत. त्या काळात मला आणखी दोनदा झटका आला. दोन्ही वेळा मी डोळे उघडले तेव्हा सासूबाईंच्या एका मांडीवर लेक होती आणि दुसऱ्या मांडीवर माझं डोकं.