समुद्रातली शीव

बनाबाईला विमानाची भीती नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण दहिवडीच्या बाजूला तिची जी टिंगल झाली ती सगळी या एका गैरसमजावर उभी होती. "म्हातारी इमानाला भ्याली" असं वस्तीवर जो तो म्हणायचा. जी बाई ऐन उमेदीत घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरांमागं माणदेशातून कृष्णाकाठापर्यंत दर साली चालत गेली, जिनं एकदा लांडग्याच्या तोंडातून कोकरू ओढून काढलं, ती मऊ खुर्चीत बसून जायला कशाला भिईल? तिला भीती होती ती एकाच गोष्टीची. हे विमान मध्ये कुठं थांबत नव्हतं.

मुंबईहून उडायचं आणि थेट अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला टेकायचं. अशी लांब पल्ल्याची, वाटेत कुठं न उतरणारी विमानं हल्ली नव्यानं सुरू झाली आहेत. बनाबाईची लेक सृष्टी तिकडं नवऱ्याबरोबर राहत होती. तिला दिवस गेले तेव्हा बाळंतपणाला आई हवी म्हणून तिनं मुद्दाम या विमानाचं तिकीट काढलं.

"आये, तुला काहीच करायचं न्हाई," सृष्टी फोनवर म्हणाली. "मुंबईत बसायचं आन् हितं उतरायचं. मधी बदलायचं न्हाई, चुकायचं न्हाई."

"मधी कुठंच टेकत न्हाई व्हय?"

"न्हाई की! तेच तर चांगलं हाय."

"मग शिवेला कवा इचारायचं?"

सृष्टी हसली. कराडला इंजिनिअरिंग शिकलेली पोर ती. "विमानाला शीव-बीव नसती गं आये," म्हणाली आणि विषय संपवला.

बनाबाईचा विषय मात्र तिथंच सुरू झाला. मेंढरं घेऊन चालताना एका गावाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू झाली की धनगरांच्या तांड्यातली थोरली बाई घोडं थांबवायची. कमरेची पिशवी सोडून चिमूटभर भंडारा, म्हणजे देवाची हळद, शिवेवर टाकायची आणि म्हणायची, "पाव्हणी आलीया, वाट दे." मगच मेंढरं पुढं. पाऊस असो, ऊन असो, पाटील शिव्या देत असो, हे चुकायचं नाही. दुसऱ्याच्या रानात न विचारता पाय टाकला तर रान आपला वाटा घेतं, असं ती सासूकडून शिकली होती.

एकदा चुकलं होतं. कराडच्या अलीकडं आभाळ काळंकुट्ट भरून आलं, गारा पडणार असं दिसलं, तेव्हा तिचा सासरा गुंडा ओरडला, "आता भंडारा ऱ्हाऊ द्या, मेंढरं हाणा!" हाणली. गारा चुकल्या, मेंढरू एक मेलं नाही. पण घोड्यावरच्या झोळीत बनाबाईचं पहिलं लेकरू होतं. पुढच्या तळावर ते तापानं फणफणलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. नाव ठेवायचं राहिलं होतं. डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया. ते शिकलेले, खरं असेल. पण बनाबाईनं त्या दिवसापासून एकही शीव न विचारता ओलांडली नाही. एसटीनं साताऱ्याला जातानाही ती खिडकीतून बोटं बाहेर काढायची आणि शेजारचा प्रवासी पिवळा होऊन उतरायचा. याला कोणी वेडेपणा म्हणेल. म्हणो. पोटचं गेलेलं त्याला ठाऊक नाही.

म्हणजे तिच्या मनात हिशेब सरळ होता. हे विमान न थांबता कितीतरी गावांच्या, मुलखांच्या शिवा तुडवत जाणार. कुणालाच विचारणार नाही. आणि वाटा कुणाचा घेतला जाईल, हे तिला पक्कं माहीत होतं. तिच्या म्हाताऱ्या हाडांना कोण विचारतो? ज्याच्यासाठी ती निघाली, ते लेकरूच जाणार.

निघायच्या दिवशी ही भीती आणखी बळावली. मुंबईच्या विमानतळावर टॅक्सीतून उतरतानाच सृष्टीच्या नवऱ्याचा, जयराजचा फोन आला. दिवस भरायला महिना होता, पण सृष्टीला कळा सुरू झाल्या होत्या आणि तिला दवाखान्यात हलवत होते. बनाबाईचा नवरा धुळा सोडायला आला होता. त्यानं फोन ठेवला. मग स्वतःच्या कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडून बायकोच्या हातात दिली.

"तुझी हायच, ही बी घे. लांबची वाट हाय."

"आवं, पर वरनं टाकायचा कसा?"

"तुझं तू बघ," धुळा म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला. सगळ्या संसारात त्यानं तिच्यावर एवढा मोठा भरवसा पहिल्यांदाच टाकला असेल.

तपासणीला उभ्या असलेल्या पोलीस बाईनं पिशवी उघडली, वास घेतला, कपाळाला लावली आणि परत दिली. बनाबाईला वाटलं, चला, पहिली शीव तरी नीट झाली.

विमानात चढायच्या रांगेत तिचं बोलणं ऐकून मागचा एक गृहस्थ म्हणाला, "मावशी, कुठलं गाव तुमचं?" तो पलूसचा विश्वजित. सैन्यातून निवृत्त झालेला, घरी ऊस, आणि आता मुलाकडं चाललेला. त्यानंच तिला खिडकीशी बसवून दिलं, पट्टा बांधून दिला, समोरच्या छोट्या पडद्यावर नकाशा लावून दिला. "हे बारकं इमान दिसतंय न्हवं? ते आपण. ह्या रेघा म्हंजी देशांच्या हद्दी." एवढं सांगून तो मागच्या आपल्या जागेवर गेला.

हद्दी! बनाबाईच्या जिवात जीव आला. म्हणजे शिवा होत्या. लेक इंजिनिअर झाली तरी तिला हे ठाऊक नव्हतं.

मग तिनं त्या पडद्यावर जे डोळे लावले ते काढलेच नाहीत. मेंढरं राखलेली नजर ती, हलायची नाही. बारकं विमान रेघेला टेकलं की ती पिशवीत दोन बोटं घालायची, खिडकीखाली चिमूट सोडायची आणि ओठातल्या ओठात "पाव्हणी आलीया, वाट दे" म्हणायची. शेजारी एक धिप्पाड गोरा माणूस घोरत होता. त्याच्या बुटावर थोडा भंडारा पडला तो तिनं पदरानं पुसला. जेवण आलं, तिनं परत पाठवलं. जेवताना रेघ निघून गेली तर?

जमीन संपली आणि पाणी लागलं. नुसतं निळं. तास गेले तरी बारकं विमान त्या निळ्यातच. इथं पाऊलवाट नाही, दगड नाही, देऊळ नाही. इथं काही झालं तर थांबायचं कुठं? चालताना मेंढरू व्यालं तर सगळी मेंढरं थांबायची, बाई अडली तर चार-चार दिवस तळ हलायचा नाही. सृष्टी अशीच झाली होती, पलूसकडं एका उसाच्या बांधावर, आणि तिच्यासाठी अख्खी वाट थांबली होती. आज तीच सृष्टी तिकडं तडफडत असेल, आणि हे विमान ना तिच्यासाठी थांबणार, ना तिची खबर देणार. बनाबाईनं फोन काढून पाहिला. तो मेलेलाच होता.

आणि त्या पाण्यात तिला एक रेघ दिसली. बाकीच्या रेघांसारखी सलग नाही, तुटक तुटक, वरपासून खालपर्यंत समुद्राला चिरत गेलेली. अलीकडं देश नाही, पलीकडं देश नाही. मग ही शीव कुणाची? जिथं गावच नाही तिथं शीव कोण धरून बसलंय? आयुष्यात एवढी ओसाड शीव तिनं पाहिली नव्हती. हिला चिमटीनं भागणार नाही, असं तिला वाटलं. तिनं धुळाची पिशवी पूर्ण सोडली आणि मूठ भरली. नेमकं त्याच वेळी विमानानं गचका खाल्ला, मग दुसरा, आणि पिशवी हातातून उडाली.

पुढं जे झालं ते क्षणात झालं. भंडाऱ्याचा पिवळा लोट छतापर्यंत गेला आणि सगळीकडं पसरला. पुढची बाई किंचाळली. शेजारचा गोरा माणूस दचकून जागा झाला, खोकायला लागला, आणि खोकता खोकता त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. त्याचा चेहरा लालबुंद झाला. तो खिसे चाचपत होता. हवाई सुंदरी धावत आली आणि दोन पावलं आधीच थबकली. "व्हॉट इज धिस? ये क्या है? क्या है ये?" तिनं तोंडावर मास्क चढवला, हातमोजे घातले, आणि दुसरी फोनवरून वैमानिकाशी बोलू लागली.

बनाबाईला इंग्रजी कळत नव्हतं, पण माणसं आपल्याकडं कशी बघताहेत ते कळत होतं. ती नुसती "भंडारा, भंडारा" म्हणत राहिली. तिला वाटलं, शिवेनं वाटा मागितला आणि या परक्या माणसाला धरलं. हा आता मरणार, माझ्या हातानं. आणि मेला तरी हे विमान थांबायचं नाही. मग मागून कुणीतरी "टर्निंग बॅक?" असं विचारलं आणि एका हिंदी बोलणाऱ्यानं त्याचा अर्थ सांगितला, की विमान बहुतेक माघारी वळवतील. न थांबणाऱ्याची भीती घेऊन निघालेली बाई आता ते थांबू नये म्हणून बिरोबाचा धावा करू लागली. माघारी गेली तर सृष्टी?

तेवढ्यात विश्वजित आला. "हटो, हटो," करत फौजी चालीनं शिरला. खाली वाकून चिमूटभर पिवळी पूड उचलली, सगळ्यांदेखत कपाळाला फासली आणि उरलेली तोंडात टाकली. "टर्मरिक! हळद हाय! गॉड का है, मॅडम. आमच्या रानात मेंढरं बसायची, ह्या लोकांनी आमचं कपाळ ल्हानपणापास्नं पिवळं केलंया. मला काय झालं का?" त्यानं जीभ बाहेर काढून दाखवली. हवाई सुंदरीला हसावं की रडावं कळेना. गोऱ्याला एव्हाना त्याचं श्वासाचं औषध खिशात सापडलं होतं. दोन-तीनदा ओढल्यावर त्याची धाप उतरली. फोनवरचं बोलणं लांबलं, मग संपलं. पडद्यावरचं बारकं विमान वळलं नाही.

पण सगळा भंडारा त्यांनी पुसून घेतला. दोन्ही पिशव्या प्लॅस्टिकमध्ये बंद करून नेल्या आणि तिला हात पुसायला ओला कागद दिला.

"मावशी, कशापायी येवढी मूठ भरली?" विश्वजितनं विचारलं.

तिनं त्या तुटक रेघेवर बोट ठेवलं. "ही कुणाची शीव, दादा?"

"ही व्हय? ही तारखेची. हितनं पलीकडं गेलं की कालचा दिस लागतो."

बनाबाईला ते काही नीट कळलं नाही, पण कालचा दिवस परत लागतो हे ऐकून ती जास्तच भ्याली. काल तर कळा सुरूच व्हायच्या होत्या, म्हणजे लेकीला त्या पुन्हा पहिल्यापासून सोसायच्या? ओला कागद तिनं वापरला नाही. तळव्याच्या रेघांत जेवढा भंडारा उरला होता तेवढ्यावर तिनं दोन्ही मुठी मिटल्या. शेवटची शीव राहिली होती, आणि ती लेकीच्या गावाची होती.

विमान टेकेपर्यंत तिनं मुठी सोडल्या नाहीत. पाणीसुद्धा विश्वजितनं पाजलं. खाली उतरल्यावर त्याची रांग वेगळी, हिची वेगळी. "भिऊ नगा, मावशी, म्होरं गाठ पडतीच," म्हणून तो गेला. पासपोर्ट काखेत धरून बनाबाई एकटी पुढं सरकत राहिली.

काचेमागच्या अधिकाऱ्यानं काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "लेकीचं बाळंतपण." त्यानं तिच्या मिटलेल्या मुठींकडं पाहिलं आणि त्याच्या भुवया जवळ आल्या. त्यानं स्वतःचा पंजा उघडून दाखवला, दाखव म्हणून. तिनं मान हलवली. त्यानं आवाज चढवला. मागं बंदूकवाला उभा होता तो सावध झाला. बनाबाईला घाम फुटला. मग अधिकाऱ्यानं तिच्या पुढ्यातल्या एका उजेडाच्या काचेवर बोटं टेकवायची खूण केली. तिनं काचेकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि तिच्या ध्यानात आलं की हाच तो. एवढ्या वाटेत शिवेवर उभा असलेला हा पहिला माणूस, आणि तो हातातला भंडारा मागतोय.

तिनं मुठी उघडल्या. घामानं ओला झालेला पिवळा पंजा काचेवर टेकवला आणि मोठ्यानं म्हणाली, "पाव्हणी आलीया, वाट दे."

काच पिवळी झाली. अधिकारी बघत राहिला, मग कागदानं काच पुसून तिला पुन्हा बोटं टेकवायला लावली, पुन्हा पुसली, आणि शेवटी शिक्का मारून हातानं पुढं जा म्हणाला.

बाहेर जयराज उभा होता. त्याचा चेहरा बघून तिला विचारायचं धाडस झालं नाही. गाडीत बसल्यावर तोच म्हणाला, "मुलगी झालीय, मामी. लय बारकी हाय. काचेच्या पेटीत ठेवलीया."

दवाखान्यात नर्सनं तिचे हात साबणानं कोपरापर्यंत धुऊन घेतले. भंडारा गेला, पिवळेपणा गेला नाही. पेटीतलं लेकरू कोकरापेक्षा लहान होतं, आणि त्याची छाती भराभरा हलत होती. जगेल की नाही ते अजून कुणी सांगत नव्हतं. सृष्टी खुर्चीत बसली होती, चेहरा उतरलेला, डोळे सुजलेले. आईला बघून ती रडली नाही. तिनं आईचे हात ओढून घेतले, त्या पिवळ्या रेघांकडं बघितलं आणि अगदी हळू आवाजात, जयराजला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "आये, समद्या शिवंला इचारलंस न्हवं?"

"इचारलं गं बाई," बनाबाई म्हणाली. "एकीला तर आख्खी पिशवी दिली."

मग दोघी पेटीशेजारी बसून त्या बारक्या छातीकडं बघत राहिल्या.