माझ्या नावाचा दहावा

गुडघ्याच्या ऑपरेशनला माझी तयारी होती. तयारी नव्हती ती माझा मेल दुसऱ्याच्या हाती द्यायची. आमचं निर्यातीच्या द्राक्षांचं पॅकहाऊस पिंपळगावला, मी राहते नाशकात, आणि ऑपरेशन आलं नेमकं हंगामाच्या तोंडावर. बागायतदार माल आणतात तो नुसत्या शब्दावर. मी आडवी पडलेली दिसले की माल दुसऱ्या पॅकहाऊसला जाणार, ही माझी धास्ती. माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही असं मी उघड म्हणत नसे, पण मानत होते.

शेवटी धाकट्या जावेला मेल आणि कॅलेंडर वापरायची परवानगी दिली. ती पॅकहाऊसवर प्रतवारी बघते आणि बागायतदारांशी तासन्‌तास गप्पा मारते. आता माझे मेल तिच्या फोनवर दिसू लागले, उत्तरं माझ्या नावाने जाऊ लागली. मी हजार सूचना दिल्या. "ताई, तुम्ही गुडघ्याकडे बघा," ती म्हणाली.

ऑपरेशन होऊन मी घरी आले, तोच सायखेड्याच्या एका बागायतदाराच्या आईचा दहावा आला. आमच्याकडे दहाव्याला जायचंच असतं. न आलेला माणूस वर्षभर लक्षात राहतो. फोन करत बसण्यापेक्षा जावेने आदल्या दिवशी माझ्या कॅलेंडरमध्ये नोंद केली आणि तिथूनच सगळ्या बागायतदारांना आमंत्रण धाडलं. दहावा, सायखेडा, नदीकाठ, सकाळी आठ. कोणाचा, ते लिहायचं राहिलं. वर पाठवणारी म्हणून माझं नाव. मी दवाखान्यात होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं त्यांनी आपलं आपण जुळवलं.

दहाव्याच्या दिवशी भल्या सकाळी मी उपमा खात होते. दारात चांदवडकडचे चार बागायतदार, आमच्या घरच्यांसोबत नदीवर जायला आलेले, पांढरे कपडे, माना खाली. पुढच्याने मला पाहिलं आणि उंबऱ्यातच बसला.

"वैनी, तुम्ही हायेत?"

"नाही, भूत उपमा खातंय."

तेवढ्यात दहाव्याला माझ्या नवऱ्याला न्यायला जाऊ आली. तिने फोन उघडून नोंद पाहिली आणि कपाळावर हात मारला. आम्ही सगळे पोट धरून हसलो. एकजण मात्र डोळे पुसत होता.

"अहो, ऑपरेशनला आठवडा नाही झाला," मी म्हटलं. "दहावा कसा बसेल, एवढं तरी मोजायचं!"

"रडताना कोण मोजतंय, वैनी."

तरी मनातलं विचारल्यावाचून राहवेना. "मग माल कोणाकडे द्यायचं ठरवलं होतं?"

"इथंच की. धाकट्या वैनी हायेत ना. कालच ठरलं आमचं."

आनंद झाला. रागही आला, खोटं कशाला बोलू? कालच ठरलं? माणूस गेल्याचं कळल्यावर निदान एक दिवस तरी गोंधळायचं!

मंडळी सायखेड्याला निघाली. जाऊ मागे रेंगाळली. "ताई, ती परवानगी काढून घ्या."

मी उपमा संपवला. "पहिल्या कंटेनरची तारीख तूच लाव," म्हटलं. "मला विचारलंस तरी चालेल. नाही विचारलंस तरी चालेल."

त्या दुपारी कित्येक वर्षांत पहिल्यांदा मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपले.