घरचा शेवट

शिट्टीमास्तर प्रेशर कुकर दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे एकच खोली. अर्ध्या भागात त्यांची झाकणं, रबरं आणि शिट्ट्या, उरलेल्या अर्ध्यात बायकोचं शिलाई मशीन. कुकर गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी मास्तर तो शेगडीवर चढवून बघत, आणि शिट्टी झाली की ती कुठल्या सुरात वाजली तेही सांगत. कुणी विचारलेलं नसे. नाव पडलं ते त्यामुळेच.

पण माणसाचा खरा जीव क्लॅरिनेटमध्ये. दुकान बंद ठेवून, खिडकीला गोधड्या लावून त्यांनी स्वतः बांधलेल्या चाली रेकॉर्ड केल्या, पेन ड्राइव्हवर भरल्या आणि दर रविवारी बाजाराच्या कोपऱ्यावर विकायला बसू लागले. पेन ड्राइव्हसाठी नाडीच्या चिमुकल्या पिशव्या बायकोने उरल्यासुरल्या कापडातून शिवल्या होत्या. तीही शेजारी बसायची.

"आवडली का गं चाल?" असं मास्तर तिला लग्नापासून विचारत आले होते. उत्तर ठरलेलं. "मला काय कळतंय त्यातलं? गाढवाला गुळाची चव काय!" की मशीन पुन्हा खडखडायला लागे. खरं सांगायचं तर बाजाराने वाहवा केली काय अन् न केली काय, मास्तरांना ती या एका बाईच्या तोंडून ऐकायची होती. एवढंच हवं होतं बिचाऱ्याला, आणि तेच मिळत नव्हतं.

बाजारात गर्दी मात्र जमायची. मास्तर मन लावून पार शेवटच्या सुरापर्यंत वाजवायचे. लोक टाळ्या पिटायचे आणि भाजीच्या पिशव्या उचलून चालू लागायचे. फुकटात पोट भरल्यावर ताट विकत कोण घेतो? पेन ड्राइव्ह गेले तसे घरी परत.

एका शनिवारी बायकोचा संयम सुटला. "अहो, अख्खी चाल वाजवताच कशाला? ऐन रंगात आली की थांबा. पुढचं ऐकायचंय त्याने विकत घ्यावं."

"अर्धवट सोडू? नाही जमायचं, बाई. घास घशात अडकल्यासारखं होतं."

"मग उद्यापासून एकटेच बसा उन्हात."

ही मात्रा लागू पडली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आपली सगळ्यात जुनी चाल काढली, लग्नाच्या वर्षी बांधलेली. चांगली रंगवत वर नेली आणि शेवटची ओळ अगदी तोंडावर आलेली असताना क्लॅरिनेट ओठांपासून दूर केलं. चेहरा असा, की जणू स्वतःच्या हाताने पायावर कुऱ्हाड मारून घेतलीय. समोरच्या लसूणवाल्याचा तराजू हातातच राहिला.

तेवढ्यात मागून गुणगुणणं ऐकू आलं. बायको मान खाली घालून पिशव्यांच्या नाड्या बांधत होती आणि आपल्याच तंद्रीत उरलेली ओळ पुरी करत होती. बेसूर म्हणजे किती बेसूर! लोक हसले. मास्तरांना मात्र हसू येईना. ती गुणगुणत होती तो शेवट पेन ड्राइव्हवर नव्हताच. तो चालीचा पहिला शेवट होता. नव्या संसारात त्यांनी तो काही दिवस वाजवला, मग बदलून टाकला, आणि पुढे स्वतःच साफ विसरून गेले. म्हणजे मशीनच्या त्या खडखडाटातही ही बाई ऐकत होती. तेव्हापासून.

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी क्लॅरिनेट उचललं आणि तिचा तो शेवट वाजवला, सुरात.

मग पहिल्यांदाच विकत घ्यायला हात पुढे आले. लसूणवाल्याने पिशवी उलटसुलट करून विचारलं, "मास्तर, आत्ता वाजवलात तो शेवट आहे ना यात?"

"नाही," मास्तर म्हणाले. "तो विकायचा नाही. तो घरचा आहे."

"अहो, आलेलं गिऱ्हाईक घालवता की काय!" बायको करवादली. पण तिची मान काही वर झाली नाही, आणि हातातल्या नाडीची साधी गाठ तिला कितीतरी वेळ बसेना.