मोतीबिंदूची कविता

माझ्या आईने माझ्यासाठी वर्तमानपत्र वाचणे सोडले, ही गोष्ट मी जवळजवळ वर्षभर लोकांना अभिमानाने सांगत होते.

सकाळी अंक आला की तो न उघडताच ती माझ्यापुढे ठेवी. "तूच वाच, माय." शाईचा तो ओलसर वास, घडीची ती न मोडलेली कड! पहिले वाचन लेकीला अर्पण करणारी माता मला तिच्यात दिसली. (कवितेवर पोसलेल्या मनाला कुठेही काहीही दिसते, समोरचे तेवढे राहून जाते.)

मग तिने टीव्हीवरच्या मालिका सोडल्या. माझ्या लेखनाला शांतता लाभावी म्हणून, असे मीच ठरवून टाकले. संध्याकाळी पडेगावच्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून ती मोगऱ्याच्या कळ्या बोटांनी चाचपी आणि वासावरून फुले खुडी. मी वही उघडी. एकदा खिचडीत दाताखाली खडा आला. मी त्यावर आठ ओळी लिहिल्या. चहात साखरेऐवजी मीठ पडले, तेव्हा मला त्यात तिच्या अश्रूंची चव लागली! तो चहा मी भक्तिभावाने संपवला.

या कवितांचे पुस्तक निघाले आणि त्या बळावर शहरातल्या एका महाविद्यालयाने मला व्याख्यानाला बोलावले. विषय : 'साहित्यातील मातृत्याग, काल आणि आज'. पहिल्या रांगेत आई. तिच्या शेजारी शकीला. शकीला आमच्या शेजारी शिवणकाम करते. काज-बटणांना आई तिला वर्षानुवर्षे मदत करीत असे.

"माझ्या आईने सुईसुद्धा सोडली," मी कातर स्वरात म्हणाले. "का? तर तिचा प्रत्येक क्षण माझा व्हावा म्हणून!"

शकीला उभी राहिली.

"ताई, एक मिनट! सुई सोडली नाय अम्मानं. सुई दिसत नाय त्यांना!"

"बस गं खाली," आईने तिची ओढणी ओढली. "पोरगी बोलायलीय."

"अम्मा, ये कितनी उंगलियां?"

"तू दाखवलीस तेवढी!"

सभागृह खदखदून हसले. मीही हसले आणि व्यासपीठावरून चार बोटे उंचावली. "आई, ही किती गं?"

आईने मान वळवली. माझ्याकडे नव्हे, माझ्यापासून पाच हातांवर तेवणाऱ्या समईकडे. तिच्याकडे कौतुकाने पाहत ती म्हणाली, "लई छान बोलायलीस, माय."

हशा जागच्या जागी विझला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विजेरीचा झोत तिच्या डोळ्यांवर धरला. "दोन्हीकडे मोतीबिंदू पिकलाय. डावा निघेल नीट. उजव्याची मी खात्री देत नाही. इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

शकीला आवाज न चढवता म्हणाली, "घरात कविता चालू होती, डाक्टरसाब."

बाहेरच्या बाकावर स्पिरिटचा वास दाटला होता. आईचा हात गार पडला होता.

"का नाही सांगितलंस?"

"सांगणार व्हते. पण तू रोज नवीन काहीतरी लिहून वाचून दाखवायचीस. लई खुशीत असायचीस. म्हटलं, एवढं पुस्तक होऊ द्यावं. मग सांगू."

म्हणजे त्याग होताच. वर्तमानपत्रात नव्हता, मिठाच्या चहात नव्हता; जिथे होता तेवढी एकच जागा मी लिहायची सोडली होती.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया निर्विघ्न झाली. उजव्याच्या वेळी मी शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी उभी होते आणि आयुष्यात प्रथमच मला एकही उपमा सुचत नव्हती. पट्टी निघाली. आईने डावा डोळा तळहाताने झाकून भिंतीवरचे घड्याळ पाहिले आणि ती म्हणाली, "सव्वाअकरा. जेवलीस का?" मी तिथेच रडले.

नवा चष्मा आल्यावर तिने पहिल्यांदा माझे पुस्तक मागितले. ऐकलेले वेगळे, म्हणाली, आता वाचते. दुपारभर ओळीखाली बोट ठेवून ती वाचत राहिली. मी स्वयंपाकघरात निकालाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थिनीसारखी उभी. अखेर तिने पुस्तक मिटले आणि चष्मा काढून पदराने डोळे टिपले.

"लई रडवलंस गं," ती गंभीरपणे म्हणाली. "पण मला एक सांग. या माउलीला लेकरूबिकरू काही नव्हतं का, तिच्याकडं बघायला?"