आधीच भरलेलं ‘नाही’

‘सिकलसेल आहे का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ हे उत्तर मी लिहून ठेवलं होतं. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकासाठी, तो दारात येण्याच्या आधीच. त्या ‘नाही’चा ठपका एका नर्सबाईवर आला आणि मी तो येऊ दिला. ती आता बोदलकशाजवळ आपल्या गावी राहते. सालेकशाकडच्या ज्या गावात तिचा दवाखाना होता, तिथे अजूनही तिचा विषय निघाला की म्हणतात, ती खोटं लिहिणारी बाई. म्हणून हे लिहितो आहे.

गोंदियात मी कॉम्प्युटर शिकवत असे. निवृत्त झाल्यावर एका संस्थेनं मला बोलावलं. तिचे जिल्ह्यात लहान लहान दवाखाने होते. रुग्णांची माहिती कागदावरून टॅबवर आणायची होती, आणि टॅबवर काय दिसावं, कुठल्या क्रमानं विचारावं, हे मी ठरवायचं होतं. वाटलं, शिकवण्यात आयुष्य गेलं, आता काहीतरी उपयोगाचं करू.

पहिला टॅब मी सालेकशाकडच्या दवाखान्यात नेला. तिथली नर्सबाई चाळिशीची, बोलण्यात फटकळ. माझी पहिली रचना अशी होती की एकही प्रश्न रिकामा राहिला तर पुढचं पान उघडत नसे. बाहेर व्हरांड्यात बायका लेकरं घेऊन बसलेल्या, आणि आत टॅब अडून बसलेला. नाडी राहिली, वजन राहिलं, सासऱ्याचा मोबाइल राहिला. दुपारी तिनं टॅब माझ्यासमोर ठेवला.

“सर, हा तुमचा मशीन ठाणेदारावानी विचारून राहिला. पेशंट मरंल, पन याचे सवाल नाही सरनार.”

व्हरांड्यातल्या बायका हसल्या. मीही हसलो, पण मला लागलं. गोंदियाला परतताना रेल्वेत बसून मी उपाय शोधला आणि त्यावर खूश झालो. बहुतेकांचं जे उत्तर असतं, ते आधीच भरून ठेवायचं. मधुमेह? नाही. दमा? नाही. सिकलसेल? नाही. वेगळं असेल तेवढंच बाईनं बदलायचं. पुढच्या खेपेला बाईला मी फक्त एवढं म्हणालो की पान आता अडणार नाही, वेगळं असेल तेवढं दाबा; उत्तरं आधीच भरलेली आहेत हे सांगितलं नाही. काम भराभर झालं. बाई म्हणाली, आता कसा शहाण्यावानी वागते. संस्थेच्या सचिवांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. इतकं सोपं कोणी करून दिलं नव्हतं, असं ते म्हणाले, आणि मलाही तसंच वाटत होतं.

न विचारलेला प्रश्न आणि विचारून मिळालेलं ‘नाही’, हे दोन्ही त्या टॅबवर एकसारखेच दिसत होते. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं लिहिण्याचा मोह होतो. लक्षात आलं होतं. दम्याच्या बाबतीत एकदा मनात येऊन गेलं होतं. मग वाटलं, नर्सबाया विचारतीलच की.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. इटियाडोहकडे दिलेली एक मुलगी दिवस भरत आल्यावर माहेरी, या सालेकशाकडच्या गावात आली. तिला सिकलसेल होता. सासरकडच्या आमच्याच दवाखान्यात त्याची तपासणी झालेली होती, टॅबवर नोंद होती. पण एका दवाखान्याची नोंद दुसऱ्याला दिसायची नाही, अशी कुलुपं मीच घातली होती. त्यालाही कारण होतं. रक्ताचा हा आजार आईबापाकडून लेकरांत उतरतो, म्हणून लोक तो लपवतात. गावात कळलं की घरातल्या बाकीच्या मुलींची लग्नं अडतात. कुणाची गोष्ट कुणाच्या हाती लागू नये म्हणून मी जपलं. मुलीच्या माहेरीही धाकट्या बहिणीचं लग्न जुळवणं सुरू होतं. आईनं मोठीला बजावलं होतं, दवाखान्यात जास्त बोलू नको.

ते दिवस तेंदूपत्ता तोडण्याचे होते. पहाटे जंगलात जाऊन आलेल्या बायका, उन्हानं आलेले ताप, विंचू चावलेले, सगळी गर्दी एकाच वेळी. नर्सबाईनं मुलीचं नाव घातलं, वजन आणि रक्तदाब घातला, पोट तपासलं. बाकीची पानं पुढे सरकवली. ती पानं भरलेलीच होती. शेवटी तिनं ‘जतन करा’ दाबलं.

मुलीला दुखायला लागलं तेव्हा ती बाई रजेवर होती. नवीन डॉक्टर होते, तरुण, कामाला चोख. मुलगी पाठ आणि मांड्या धरून ओरडत होती. डॉक्टरांनी टॅब पाहिला. सिकलसेल: नाही. सिकलसेलमध्ये हाडं अशीच ठणकतात, पण बाळंतपणाच्या कळाच आहेत असं समजून ते थांबले. तिचा श्वास चढायला लागला तेव्हा गाडी करून गोंदियाला पाठवलं. मुलगी वाचली. बाळ नाही वाचलं.

चौकशी संस्थेच्या गोंदियातल्या कार्यालयात झाली. सचिव, तरुण डॉक्टर, नर्सबाई आणि मी. सचिवांच्या टेबलावर टॅब होता. प्रत्येक उत्तराखाली ते जतन करणाऱ्याचं नाव येई, हीसुद्धा माझीच सोय. ‘नाही’खाली बाईचं नाव होतं. ती पुन्हा पुन्हा सांगत होती, मी ‘नाही’ दाबल्याचं मला आठवत नाही. सचिव शेवटी माझ्याकडे वळले.

“सरजी, आप ही बताइए. मशीन अपने आप कुछ लिखती है क्या?”

त्या आठवड्यात आमची ही पद्धत आणखी दवाखान्यांत लावायचं ठरत होतं. मी टॅबकडे पाहिलं आणि म्हणालो, “मशीन आपल्या मनानं काही लिहीत नाही.”

वाक्य खरं होतं, म्हणूनच ते तोंडातून सहज निघालं. बाईनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती भांडेल. पण तिच्या नजरेत राग नव्हता. तिला माझं पटलं होतं. ती हळूच म्हणाली, मग दाबलं असंल मीनंच, गर्दीत. आणि खाली मान घातली.

तिला कामावरून काढलं. गावात तिच्या घरमालकिणीनं खोली सोडायला सांगितली, आणि सामान न्यायला आली तेव्हा कुणी तिला पाणीही विचारलं नाही, हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. मी काय केलं? मी रचना बदलली. आधी भरलेली सगळी उत्तरं काढली आणि ‘हो’, ‘नाही’ यांच्या जोडीला तिसरा पर्याय टाकला: ‘विचारलं नाही’. नवीन रचना सगळ्या टॅबवर गेली. जुनी कशी होती ते दाखवणारं काही उरलं नाही. काही बदललं आहे का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, मला माहीत नाही.

पुढे बायको गेली, माझं हिंडणं-फिरणं कमी झालं. दवाखान्यात गेलो की तपासणाऱ्या मुली टॅबवर माझी माहिती भरतात, आणि मी त्यांच्या बोटांकडे बघत बसतो. विचारतायत की नुसतंच सरकवतायत. यंदा मी सचिवांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी पाणी मागवलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, सरजी, पुराना है, अब इससे किसका भला होगा. मग मी बाईच्या गावी जायला तिरोड्याची गाडी धरली.

बाई अंगणात जाळ्याचा गुंता सोडवत बसली होती. तिचा भाऊ तलावावर मासे धरतो. मला तिनं ओळखलं, खुर्ची दिली. मी सांगितलं. तिनं हातातली गाठ सोडवली आणि जाळं बाजूला ठेवलं.

“म्हंजे मी नव्हतं दाबलं.”

“नाही. ते आधीच होतं. मी ठेवलं होतं.”

“मी इतके वर्षं या बोटाले शिव्या देऊन राहिली,” ती म्हणाली. “धाकट्या भावाच्या लेकराले मापानं द्याचं औषध पाजाले सांगतेत, तं मी पाजत नाही. मी म्हनते, माझ्या हातानं चूक होते.”

मी माफी मागायला लागलो, तर तिनं हात वर केला.

“मले कायले सांगता जी? मले तं आता समजलं. त्या गावाले सांगा. पोरीच्या मायले सांगा.”

मी म्हणालो, मी लिहिणार आहे, तुमचा काही दोष नव्हता असं स्पष्ट लिहिणार आहे. त्यावर ती चिडली.

“तसं नका लिहू. मीनं खोटं नाही लिहिलं, पन पोरीले विचारलं बी नाही. दोन्ही लिहा. नाही तं हे बी तुमच्या मशीनीवानीच होईल.”

म्हणून दोन्ही लिहिलं आहे.

पुढच्या आठवड्यात आम्ही सालेकशाला गेलो. ती माझ्या शेजारी बसली नाही, डब्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. मुलीच्या घरी अंगणात मोहफुलं वाळत होती. मुलीची आई सूप हातात घेऊन उभीच राहिली, बसा म्हणाली नाही. बाईला बघून शेजारच्या दोन बायका कुंपणाशी आल्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, टॅबवर काय होतं, कुणी ठेवलं होतं, आणि चौकशीत मी काय बोललो. माझा आवाज बारीक निघत होता. आईनं विचारलं.

“म्हंजे त्या मशीननं लिहिलं?”

“मशीननं नाही,” मी म्हणालो. “मी लिहिलं.”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, माणूस आठवून ठेवायचा असला की पाहतात तसं. मुलगी कुठे आहे, कशी आहे, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मग तिनं सूप खाली ठेवलं, आत गेली आणि पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली. तो तिनं बाईच्या हातात दिला.

बाई कुंपणाकडे पाठ करून पाणी प्यायली. गडवा रिकामा झाल्यावर आई तो घेऊन आत गेली. मला तहान लागली होती. मी मागितलं नाही.