डुगडुगणारं टेबल

आज रंगारी येणार म्हणून आईचा फोटो भिंतीवरून उतरवला, जेवणाचं टेबल सरकवलं, तर त्याच्या पायाखालून कागदाची घडी निघाली.

राज्याचे दोन भाग झाले तेव्हा बाबांच्या बदलीने आम्ही भोपाळहून रायपूरला आलो. इथे राहायचं की परत जायचं, ते लिहून द्यायला बाबांच्या ऑफिसात फॉर्म वाटले होते. निकाल लागेपर्यंत आईने भिंतीला एक खिळा ठोकू दिला नाही. देवसुद्धा ट्रंकेवरच होते. माझा पुढचा दात, गोल बाजारातून आणलेलं हे टेबल, बाबांची नोकरी, सगळ्याला तिचा एकच शब्द. "सारंच डुगडुगून राह्यलं," ती म्हणायची.

एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "पोट्टे, जरा टेबल उचलून धर." मी दोन्ही हातांनी कड उचलली. त्यांनी खिशातून कागद काढला, चार घड्या घातल्या आणि पायाखाली सरकवला.

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "अहो, फॉर्म देला का?"

"हव, देला."

टेबल डुगडुगायचं थांबलं, याचाच मला आनंद झाला होता. आई पुढे कितीतरी वर्षं बदलीच्या हुकमाची वाट पाहत राहिली. या भिंतीत पहिला खिळा ठोकला तो तिच्याच फोटोसाठी.

आज घडी उलगडली. आईच्या गोल अक्षरात 'भोपाळ' लिहिलेलं, खाली बाबांच्या सहीची जागा कोरी.

बाबा समोरच चहाचा कप घेऊन बसले होते. मी कागद तसाच दुमडून पुन्हा पायाखाली घातला. त्यांनी कप टेबलावर ठेवला. चहा जराही हिंदकळला नाही.