भिंत चाखणारा सखाहरी

सखाहरी दलाल कुठल्याही घरात शिरला की आधी भिंत चाखायचा. उजव्या करंगळीचं नख त्याने मुद्दाम वाढवलेलं होतं. त्या नखाने तो जोत्यापाशी गिलावा खरवडायचा, भुकटी जिभेवर ठेवायचा, डोळे मिटून तोंड चालवायचा आणि मग घरवाल्याच्या अंगणातच पचकन थुंकायचा. भुकटी खारट लागली की भिंतीला लोणा लागलाय, तळ्याची ओल आतून चढतेय, हे त्याला कळायचं. आमच्या गावाच्या वेशीबाहेर तळ्याकाठी नवी पेठ वसत होती तेव्हाची ही गोष्ट. राज्य निजामाचं. उमापूर-चकलांब्याकडचे पैसेवाले तिथे घरं घ्यायला यायचे, आणि सखाहरीने जीभ लावल्याशिवाय कोणी सौदा करत नसे.

आमचं घरही त्यानेच दिलेलं. माझ्या नवऱ्याला आधी एक कोरीव दाराचं घर आवडलं होतं. सखाहरीने त्याची भिंत चाखली आणि तोंड वाकडं केलं. "मालक, दार बगून घर घेऊ नका. भिंत कवा खोटं बोलत न्हाई. ही लई खारट हाय." त्या घरात त्याला दलाली जास्त मिळाली असती, तरी त्याने आम्हाला अडवलं आणि रहीमचाचा बागवानांच्या शेजारचं साधं, कोरडं घर दाखवलं. मला त्याचं फार कौतुक वाटलं. मला भाऊ नव्हता, म्हणून पुढे दर भाऊबीजेला मी त्याला ओवाळायची. आज ते ताट आठवणंही नको वाटतं.

रहीमचाचांच्या परसातून तळ्यात उतरायला दगडी पायऱ्या होत्या. मधल्या दाराने जाऊन आम्ही तिथूनच पाणी भरायचो. चाचांचा मुलगा औरंगाबादला होता, आज ना उद्या तेही तिकडे जाणार होते. माझ्या नवऱ्याला ते म्हणायचे, "मेरा घर गया तो तुमारेच कने जाएगा." आम्हीही निर्धास्त होतो. पुढे चार दिवसांच्या तापात माझा नवरा गेला.

राख सावडून आणली त्या दुपारी सखाहरी भेटायला आला. बरोबर दोन अनोळखी माणसं होती. त्यातल्या एकाच्या डाव्या डोळ्यात पांढरा वडस होता. मी कोपऱ्यात डोक्यावरून पदर ओढून बसले होते. सुतकात परक्या पुरुषांसमोर विधवेने बोलायचं नसतं, हे नणंदेने मला सकाळीच बजावलं होतं. सखाहरी रडला. खरं पाणी होतं त्याच्या डोळ्यांत, मी पाहिलं. मग उपरण्याने नाक पुसून म्हणाला, "आक्का, चाचाचं घर गेलं. देशमुखानं घेतलं."

मी गप्प राहिले. सखाहरी त्या दोघांकडे वळला. "ऐकलं न्हवं तुमी? काई बोलल्या न्हाईत." ते माना हलवून उठले. जाताजाता सवयीने त्याचं नख माझ्या चौकटीजवळच्या भिंतीवरून फिरलं.

सुतक फिटल्यावर मी वकिलाकडे निरोप धाडला, शेजारचं घर आम्ही घेतो म्हणून. तेव्हा सगळं उलगडलं. निजामाच्या कायद्यात शेजारच्या घरावर पहिला हक्क शेजाऱ्याचा. त्याला शफा म्हणत. पण विक्रीची बातमी कानावर पडताच, तिथल्या तिथे, 'मी घेतो' असं म्हणावं लागे. तेव्हा गप्प राहिलं की हक्क बुडाला. माझ्या गप्प राहण्याला दोन साक्षीदार होते. चाचांना सखाहरीने सांगितलं होतं की आक्का माहेरी निघाल्यात, त्यांना घर नको. देशमुखाकडून त्याला दुप्पट दलाली मिळाली होती. देशमुखाने आठवड्यात मधलं दार चिणून टाकलं आणि मी पाण्याला पेठेला वळसा घालून लांबच्या घाटावर जाऊ लागले.

एकदा बाजारात मी सखाहरीला गाठलं. "कावून केलंत असं, भाऊ?"

"मी खोटं बोल्लो का, आक्का? घर गेलं म्हणून सांगितलं. तुमीच गप बसल्या." असं म्हणून तो बाजूला थुंकला. तो माणूस मनाने मेलेला असता तर मला इतका राग आला नसता. त्याला चांगलं-वाईट जिभेच्या टोकावर कळत होतं, आणि कळूनही तो थुंकून टाकत होता.

काही वर्षांनी सखाहरी मेला. मी गेले त्याच्या घरी. रडायला नाही, बघायला. त्याची बायको गोदावरी कोपऱ्यात बसली होती, मी बसले होते तशीच. तेवढ्यात एक माणूस दोघांना घेऊन आत आला. डाव्या डोळ्यात पांढरा वडस. आता तोच दलाली करत होता. बसल्या बसल्या म्हणाला, "वैनी, शेजारचं घर गेलं बरं का." त्या शेजारच्या अंगणातूनच गोदावरीच्या दाराला वाट होती.

मला गप्प बसता आलं असतं. कोणी मला दोष दिला नसता, आणि माझी इच्छाही तीच होती, ते लपवत नाही. पण त्या माणसाने साक्षीदारांकडे वळायला मान हलवली, आणि मी पुढे सरकले.

"गोदावरी, आत्ता म्हण, मी घेते!" मी ओरडले. "आत्ता! न्हाईतर वाट जाईल तुझी."

तिने समोर बसलेल्या सासऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर मागे सारला. "मी घेते," ती म्हणाली. मग आणखी मोठ्याने, "मी घेते!"

विधवा परक्यांसमोर बोलली म्हणून सासरे भडकले, बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. वडसवाला माझ्याकडे बघत उठला आणि दारातच थुंकला. गोदावरीने माझा हात धरून ठेवला होता, तो मी सोडवून घेतला.

घरी येऊन मी आंघोळ केली, लांबच्या घाटावरून आणलेल्या पाण्याने चुळा भरल्या. तिची वाट राहिली, बरं झालं. पण सखाहरीच्या घरासाठी मी तोंड उघडलं होतं, आणि तोंडातला तो खारटपणा रात्री जेवतानाही गेला नाही.